खोल नक्षी बघून जुने टायर घेतले आणि तोंडावर पडलो

७,२८० रुपये. चार टायरचे ६,८००, वर बसवणी आणि बॅलन्सिंगचे ४८०. हे माझ्या मूर्खपणाचे. मूर्खपणा फुटल्यावर चाकाच्या लोखंडी डिस्कचे १,९०० आणि बंपर-मडगार्डचे २,६५० वेगळे.

माझ्या डिझायर गाडीचे टायर झिजून गोटा झाले होते. पावसाळा तोंडावर, गणपतीला खेडला जायचं, नव्या चार टायरना १७,२०० सांगितले. यंदा आंबा किती आला ते कोकणात कुणाला सांगायला नको. महामार्गालगतच्या एका दुकानदाराने १६५/८० आर १४ या मापाचे चार जुने काढून दिले. "काका, मुंबईच्या गाडीचे आहेत. मालकाने अलॉयची चाकं टाकली म्हणून निघाले. आठ हजार किलोमीटरपण नाही झाले."

मी काही बावळट नाही. रुपयाचं नाणं घालून नक्षी बघितली, चांगली खोल होती. स्वतःवर खूश झालो. मेल्याने नेमकं तेवढंच करून ठेवलं होतं! झिजलेल्या टायरमध्ये गरम ब्लेडने नवे चर कापायचे, वरून काळं पॉलिश फासायचं. नवी नक्षी म्हणजे उरलंसुरलं रबर, त्याखाली लगेच टायरच्या आतल्या तारा.

बायको म्हणाली, "अहो, हाताला एवढं काळं कसं लागलं?" मी फडक्याला हात पुसले आणि म्हटलं, टायरच आहे, काळंच लागणार. हे वाक्य अजून रात्री आठवतं. तिथेच थांबायला हवं होतं. चरांच्या तळाला जे आडवे उंचवटे असतात, टायर किती झिजला ते दाखवणारी १.६ मिलिमीटरची खूण, ते कुठेच नव्हते. ब्लेडने तेही गेलेले. चराच्या तळाशी बोट फिरवा, नाणी घालत बसू नका.

आणि तारीख! उत्पादनाचे चार आकडे बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतात. पठ्ठ्याने चारही टायर ती बाजू आत करून बसवले. मी बाहेरून शोधत होतो, तो म्हणाला, "पुसलं जातं काका." पुसलं जात नाही, कोरलेलं असतं. टायर डिस्कवर चढण्याआधी दोन्ही बाजू बघा.

गौरी आणायच्या आदल्या दिवशी आरवलीच्या पुढे मागचा डावा टायर फुटला. वेग सत्तरच्या आत, मागे दोन मुलं. गाडी कडेच्या मातीत घसरली, समोरून ट्रक नव्हता म्हणून हे लिहितोय. स्टेपनी चढवताना पहिल्यांदा आतली बाजू दिसली: ३०१३. म्हणजे २०१३ सालचा तिसावा आठवडा. माझी धाकटी तेव्हा जन्मलीही नव्हती.

दुकानदार म्हणाला, "हवा कमी ठेवली असेल तुम्ही." पोलीस म्हणाले, टायर जिथे घेतला तिथे जा. तिथले म्हणाले, फुटला जिथे तिथे जा. परत गेलो तर, "कुणाला लागलंय का? नाही ना? मग ही दिवाणी बाब." म्हणजे पोरांची डोकी फुटायला हवी होती! वाहनांच्या कार्यालयात खिडकी क्रमांक चार, मग दोन, मग जेवणाची सुट्टी, मग "दुकानं आमच्याकडे येत नाहीत." हेल्मेट नसलं की पावती फाडायला सगळे हजर. गुळगुळीत टायर कापून विकणाऱ्याला विचारणारा कुणी नाही. तीन चकरांचं पेट्रोल मी हिशोबात धरलेलंच नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, आयोगात न जाता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करूनही तक्रार देता येते. पण माझ्या हातात होती वहीच्या कागदावरची चिठ्ठी, त्यावर नुसतं "टायर ४". बिल मागायला मला लाज वाटली, जुन्या मालाचं कसलं बिल म्हणून. तुम्ही मागा. टायरवरचा तारखेचा आकडा बिलात लिहून घ्या, नाही म्हणाला तर उठा.

शेवटी १७,२०० चे नवे घेतलेच. उरलेले तीन त्यानेच परत मागितले, नगाला ३०० देतो म्हणाला. दिले नाहीत. कोयत्याने बाजू चिरल्या आणि माडाच्या आळ्यात माती भरून गाडलेत.