गच्चीवरचं ३ किलोवॅट सोलर, दीड वर्षानंतर (कोपरखैरणे)

आमचं सिडकोचं जुनं रो हाऊस, वर एक मजला चढवलेला, त्यावर मोकळी गच्ची. २०२४ च्या दिवाळीआधी पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेतून सोलर बसवलं. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा काढला म्हणून आता लिहितेय, बसवल्या बसवल्या लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळी झाले असते.

आधी पैशाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. ५४० वॅटचे ६ पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, अर्थिंग सगळं धरून १ लाख ९५ हजार दिले. ३ किलोवॅटला केंद्राची सबसिडी ७८ हजार, ती थेट बँकेत आली. (३ च्या वर कितीही लावा, सबसिडी तेवढीच, म्हणून वेंडर ५ किलोवॅट गळ्यात मारायला लागला तर आधी आपली बिलं काढून बघा.) एप्रिल-मेमधे एसीमुळे बिल चार हजारांच्या वर जायचं ते तीनशे-साडेतीनशेवर आलं. शून्य नाही हां. फिक्स चार्ज भरावाच लागतो, "मुफ्त बिजली" नाव वाचून सासूबाईंना वाटलं बिल येणारच नाही, पहिलं बिल आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच फसवलंय त्यांना.

आमची गाडी सुरुवातीलाच अडली ती नावावरून. लाईटबिल अजून सासरेबुवांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली, आणि पोर्टलवर अर्ज बिलावरच्या नावाने, सबसिडीचं खातंही त्याच नावाचं लागतं. म्हणजे आधी मीटर ह्यांच्या नावावर करून घ्या मग सोलर. आपल्याकडे निम्म्या रो हाऊसची बिलं अजून मूळ मालकाच्या नावावर असतील, तर हे काम आधी करा, वेंडर हे सांगत नाही कारण त्याला तुमचा ॲडव्हान्स हवा असतो.

बसवायला दोन दिवस लागले, पोरं चांगली होती, काकू काकू करत चहा मागून घ्यायची, गच्चीचं वॉटरप्रूफिंग न फोडता सिमेंटचे ठोकळे टाकून त्यावर स्ट्रक्चर उभं केलं. त्यानंतर नेट मीटरला (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) पाच आठवडे. मी वेंडरला रोज फोन करायचे, तो म्हणायचा फाईल पुढे गेलीय मॅडम, शेवटी कळलं की त्याने एक फोटोच अपलोड केला नव्हता. तोपर्यंत पॅनेल नुसते ऊन खात पडलेले.

आणि एक, लाईट गेली की सोलर पण बंद. भर दुपारी कडकडीत ऊन आणि घरात पंखा बंद, शेजारचे विचारतात अहो तुमचं सोलर आहे ना? ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला हा सोलर इन्व्हर्टर मुद्दामच बंद होतो, नाहीतर आपली वीज उलटी लाईनमधे जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. बॅटरी हवी असेल तर खर्च वेगळा. हे मला सही करायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं.

एप्रिलमधे ॲपवर दिवसाला १३ युनिट दिसतात, जुलैत सलग पाऊस लागला की ३-४. जास्तीचे युनिट मीटरमधे जमा राहतात पण हिशोब ३१ मार्चला बंद होतो, उरलेल्याचे पैसे आपण वापरतो त्या भावाने मिळत नाहीत. म्हणजे थंडीत एसी बंद ठेवून साठवलेले युनिट ऐन मे महिन्यात कामाला येत नाहीत, काय टायमिंग आहे! आम्ही आता मार्चमधे गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करतो, फुकट घालवण्यापेक्षा बरं.

धूळ हा वेगळाच विषय. जवळ रीडेव्हलपमेंट चालू, पंधरा दिवसात पॅनेलवर बोटाने नाव लिहिता येतं, वर कबुतरं. धुतलं की ॲपवर दीड-दोन युनिटचा फरक लगेच दिसतो. सासूबाई म्हणाल्या मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी काचा धुवायला कशाला, बोलणं खरंच होतं, म्हणून मी हुशारी करून आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने धुतले. वाळल्यावर सगळीकडे पांढरे ठिपके, क्षार बसले, पुसून पुसून खांदा गेला. आता अर्धी बादली साधं पाणी आणि मऊ मॉप, पहाटे सहाला. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात टाकू नका, तडकू शकते.

आता खरी तक्रार. खाडी जवळ, हवा खारी, हे इथल्या माणसाला सांगायला लागू नये. पहिल्याच पावसाळ्यानंतर गच्चीवर गेले तर स्ट्रक्चरच्या पायावरून तांबूस ओघळ. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेलं) आहे, पण नटबोल्ट साधे लोखंडी मारलेत, कोटेशनमधे स्टेनलेस स्टील लिहिलेलं. कोपऱ्यातला एक तर नखाने खरवडला तरी पोपडा निघतो. ह्या योजनेत वेंडरने ५ वर्षं मेंटेनन्स फुकट द्यायचा असतो, करारात तसं लिहिलेलं असतं, ती कॉपी काढून त्याला व्हॉट्सॲप केली तेव्हा कुठे एक पोरगा आला, २४ पैकी ८ बोल्ट बदलले आणि म्हणाला काकू बाकीचे पुढच्या वेळी. तो पुढची वेळ अजून आणतोय. वेंडरचं नाव इथे टाकत नाही, पण तुम्ही शेवटचे वीस-पंचवीस हजार नेट मीटर लागून बोल्ट स्वतः बघितल्याशिवाय देऊ नका, आम्ही सबसिडीच्या आनंदात आधीच देऊन बसलो.

योजनेला चार स्टार, पॅनेलना साडेचार, वेंडरला दोन, आणि त्यातला एक चहा पिणाऱ्या पोरांचा. सोळा बोल्ट बाकी आहेत, पावसाच्या आधी नाही आला तर ह्यांना घेऊन मीच पाना चालवणार आहे.