कॅलेंडर स्प्रेडने रोल करणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

कच्च्या तेलाच्या वायद्यातली (पुढच्या ठरावीक महिन्यातल्या मालाच्या करारातली) पोझिशन पुढच्या महिन्यात न्यायला, म्हणजेच रोल करायला, मी आता दोन सुट्या ऑर्डर टाकत नाही. ट्रेडिंग प्लॅटफॉर्मवर कॅलेंडर स्प्रेडचं, म्हणजे एकाच मालाच्या दोन महिन्यांमधल्या भावफरकाचं, वेगळं तिकीट (ऑर्डरचा फॉर्म) आहे, तेच वापरतो. जवळचा महिना विकणं आणि पुढचा घेणं एकाच फरकाने, एकाच वेळी होतं. एक लेग (जोडीतली एक बाजू) लागला आणि दुसरा लटकला, ही भानगड उरत नाही. स्प्रेडचं बिड-आस्कही (खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर) सहसा दोन सुट्या लेगांच्या बेरजेपेक्षा अरुंद असतं.

खरा फायदा मात्र वेगळाच निघाला: फरक सतत डोळ्यांसमोर राहतो. समजा जवळचा वायदा ७० डॉलरला आणि पुढचा ७०.६० ला आहे. करार १,००० बॅरलचा, म्हणजे फरक ६०० डॉलरचा. रोल करताना हे पैसे खिशातून जात नाहीत, हे अनेकांना पटत नाही. ते जातात नंतर. हजर भाव (आजच्या मालाचा) ७० वरच राहिला तर ७०.६० चा वायदा एक्स्पायरीपर्यंत खाली घसरत येतो. कॉन्टँगोत (पुढचा महिना महाग असताना) लाँग, म्हणजे खरेदी करून, बसणाऱ्याची ही गळती, बॅकवर्डेशनमध्ये (पुढचा महिना स्वस्त असताना) तीच कमाई. १९९३ साली मेटालगेजेलशाफ्ट या जर्मन कंपनीने इंधनाची लांबच्या मुदतीची विक्री जवळचे वायदे घेऊन हेज केली होती, म्हणजे भाववाढीची जोखीम झाकली होती. बाजार कॉन्टँगोत गेला, भाव पडले, मार्जिनची (सौद्यासाठी ठेवायच्या अनामतीची) मागणी वाढत गेली आणि नुकसान एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं.

हळूहळू रोलपुरता न थांबता मी फरकाचाच सौदा करू लागलो. मार्जिन कमी लागतं हे खरं, पण त्यावरून जोखीमही कमी असं समजू नये. कॉन्टँगोला साठवणूक, व्याज आणि विमा यांच्या खर्चाचं छत असतं, तेही टाकीत जागा शिल्लक असेपर्यंतच. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कुशिंगच्या (डब्ल्यूटीआयची डिलिव्हरी तिथे होते) टाक्यांत जागा मिळेना, तेव्हा डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाचा मे वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि जून २०.४३ वर. बॅकवर्डेशनला तर तेवढंही छत नाही, कारण पुढच्या महिन्यातला माल आज आणता येत नाही. नैसर्गिक वायूचा मार्च-एप्रिल स्प्रेड त्यामुळेच बदनाम आहे: मार्च हिवाळ्याचं शेपूट, एप्रिलपासून साठे पुन्हा भरायला सुरुवात. २००६ मध्ये अमॅरांथ हा फंड मुख्यतः वायूच्या अशाच सौद्यांत सुमारे ६.६ अब्ज डॉलर घालवून बसला. मी या स्प्रेडला हात लावत नाही.

क्रॅक स्प्रेडचा, म्हणजे कच्चं तेल आणि त्यापासून बनणारी इंधनं यांच्या भावफरकाचा, अनुभव संमिश्र. ३:२:१ म्हणजे तीन करार कच्च्या तेलाचे, दोन पेट्रोलचे, एक डिझेलचा. तेलाचा भाव बॅरलला आणि इंधनाचा गॅलनला, म्हणून ४२ ने गुणायचं. ते प्लॅटफॉर्म करतो. पण एक गोष्ट तो सांगत नाही. कच्च्या तेलाचा वायदा डिलिव्हरीच्या आधीच्या महिन्याच्या २० तारखेच्या आसपास संपतो, इंधनांचा त्याच महिन्याच्या अखेरीस. मधल्या दिवसांत एकाच महिन्याची जोडी उरतच नाही, आणि स्क्रीनवरचा आकडा गुपचूप दुसऱ्या महिन्याच्या तेलावर जातो. रिफायनरीचा नफा अचानक बदलला असं वाटतं, प्रत्यक्षात बदललेला असतो फक्त महिना.

कंटिन्यूअस चार्टवर (एकामागोमाग एक महिन्यांचे वायदे जोडून बनवलेल्या) मात्र माझा अजिबात विश्वास नाही. बॅक-अ‍ॅडजस्ट केलेल्या, म्हणजे रोलच्या वेळचा फरक जुन्या भावांत मिळवलेल्या किंवा वजा केलेल्या, चार्टवर दीर्घ बॅकवर्डेशननंतर जुने भाव उणे दिसू शकतात. अशा चार्टवर टक्केवारी काढणं निरर्थक. स्प्रेडसाठी मी दोन्ही महिन्यांचे मूळ चार्ट वजा करून पाहतो.

दोन सूचना. तिकिटावर ‘बाय’ म्हणजे कुठला महिना घेणं, हे आधी तपासा; सगळीकडे संकेत सारखा नसतो. आणि रोल शेवटच्या दिवसावर ठेवू नका, ओपन इंटरेस्ट (अजून उघडे असलेले करार) पुढच्या महिन्यात सरकलं की उरका. प्रत्यक्ष डिलिव्हरीच्या करारात तर फर्स्ट नोटिस डेच्या (डिलिव्हरीची सूचना येऊ शकते त्या पहिल्या दिवसाच्या) आधीच, कारण काही वायद्यांत तो शेवटच्या ट्रेडिंग दिवसाच्या कितीतरी आधी येतो.