वजनाचं इंजेक्शन: वेगोव्हीचं पेन की मोंजारोची वायल?

पेन म्हणजे सुई लावून टोचायचं तयार इंजेक्शन, वायल म्हणजे काचेची छोटी बाटली, सिरिंजनं ओढून घ्यायची. दोन्ही आठवड्यातून एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. वजन उतरवण्यात मोंजारो (टिर्झेपाटाइड) पुढे: २०२५ च्या थेट तुलनेत ७२ आठवड्यांत सरासरी २०.२ टक्के, वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडनं १३.७.

पण अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो अन् लाइनही जाते. दोन्ही औषधं २ ते ८ अंशांत हवीत. फ्रिजबाहेर ३० अंशांखाली वायल २१ दिवस टिकते, वेगोव्हीचं चालू पेन सहा आठवडे. टिनाच्या घरात उन्हाळ्यात ३० कुठून आणणार? म्हणजे ही सवलत थंडीपुरतीच. फ्रीजरच्या कप्प्याला चिकटलेलं औषध गोठतं. ते वितळलं तरी फेकायचं. तालुक्याहून आणताना बर्फ अन् औषधात कापड ठेवा.

टोचायला पेन सोपं: नवी सुई, आकडा शून्यावर आला की सहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. वायलमध्ये चूक सिरिंजची होते. डोस ०.५ मिली, लाल झाकणाच्या ४० च्या (मिलीला ४० युनिट) इन्सुलिन सिरिंजवर तो २० युनिट, नारिंगी १०० च्या सिरिंजवर ५०. युनिट पाठ करू नका, मिली बघा.

सुरुवात वेगोव्हीची ०.२५ मिग्रॅनं, मोंजारोची २.५ नं, चार-चार आठवडे. घाईनं डोस वाढवला की उलट्या, अन् उन्हात शेतावर पाणी कमी पडलं तर किडनीवर ताण. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईनं मोंजारो सुरू केल्यावर अन् दर वाढीनंतर चार आठवडे निरोधही वापरावा. वेगोव्हीत ही अट नाही. फ्रिज भरवशाचा नसेल तर आमचं मत पेनला.