जुनी पिकअप घेतली त्याला ९ महिने झाले, खरं काय ते लिहितोय

घेताना घरात सगळ्यांनी येड्यात काढलं होतं. २०१२ चं मॉडेल, बीएस-३ (प्रदूषणाच्या जुन्या नियमातलं) डिझेल, नगर पासिंग, दोन मालक झालेले, २ लाख ३५ हजाराला सौदा. आमचा टोमॅटो नारायणगाव मार्केटला जातो, २० किलोचं क्रेट, भाड्याची गाडी ऐन तोडणीच्या दिवशी येत नाही आणि आली तरी रात्री ११ ला, म्हणून म्हटलं आता स्वतःचीच घेऊ. मीटर १ लाख ८० हजार दाखवत होतं पण क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं, म्हणजे ३ लाखाच्या पुढंच गेलेली असणार. मी इंजिनपेक्षा चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा बघितला. हौद्याखाली टॉर्च घेऊन झोपलो आणि हातोडीने ठोकत गेलो, चांगला पत्रा ठणठण वाजतो, गंजलेला बद बद करतो. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटा चॅसीला जिथं टांगलेला असतो तिथं, दोन जागा बद वाजल्या, तेवढ्यावर १५ हजार तोडले.

कागदाचं आधी सांगतो कारण तिथंच लोक फसतात. आधीच्या मालकाचं फायनान्स संपलेलं होतं पण आरसीवर कर्जाचा बोजा तसाच, फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा आरटीओचा फॉर्म) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय मी पूर्ण पैसे दिले नाहीत. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस (आरटीओची तपासणी) लागतो आणि आपल्याकडं ग्रीन टॅक्सही, हे सौद्यात धरा, नंतर रडू नका.

आता मेन दुखणं. सकाळी चालू व्हायची नाही. सेल्फ (स्टार्टर) मारत राहायचं, १५-२० सेकंद, मग पांढरा धूर सोडत कशीबशी उठायची, दिवसभर मात्र एकदम ओके. पहिला फिटर म्हणाला "दादा, सेल्फ बाद झालाय", आर्मेचर आणि कार्बन बदलले, ४ हजार. तसंच. दुसरा म्हणाला बॅटरी, बॅटरी घेतली. परत तसंच, फक्त आता सेल्फ जोरात फिरायचा एवढाच फरक. मग नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) उतरवून चेक केले, एक खरंच खराब निघाला, धूर कमी झाला, पण सकाळचं नाटक चालूच. तिसऱ्याने तर डिझेलचा पंप उतरवायला सांगितला, २५ हजाराचं काम, आणि मी जवळजवळ हो म्हणालोच होतो.

ते वाचलं कशामुळं तर आमच्या अंगणाच्या उतारामुळं. एका रात्री पावसात गाडी वळवायचा कंटाळा आला म्हणून तोंड खाली करून तशीच लावली, सकाळी एका सेल्फला चालू. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोंड वर करून लावली, परत तेच रडगाणं. म्हणजे रात्रीतून डिझेल मागं टाकीत उतरतंय आणि लाईन एअर धरतेय, म्हणजे डिझेलच्या पाईपात हवा शिरतेय. ओतूरचे एक जुने पंपवाले चाचा आहेत, त्यांना फोन केला तर म्हणाले "बेटा, पंपाला हात नको लावू, पारदर्शक नळी आण". फिल्टर आणि पंपाच्या मधे हातभर पारदर्शक नळी टाकली, चालू गाडीत बघतो तर मोहरीएवढे बुडबुडे पळतायत. मग तीच नळी टाकी आणि फिल्टरच्या मधे टाकली, तिथंही बुडबुडे, म्हणजे हवा फिल्टर, प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) यांच्या आधीच शिरतेय, दोष त्याच्याही मागं. चॅसीला धरून जाणाऱ्या लोखंडी पाईपवर एक क्लॅम्प होता, त्याच्याखाली गंज, आणि गंज खरवडला तर टाचणीएवढं भोक. डिझेल एक थेंबही गळत नव्हतं म्हणून कुणाला दिसलंच नाही, कारण त्या भागात पंप डिझेल ओढतो, त्यामुळं डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाईप, दोन क्लॅम्प, तांब्याचे नवीन वॉशर, सगळे मिळून ६५० रुपये. त्याआधी ११ हजार घालवलेले, बॅटरी धरून.

बाकीचं पटकन. हेडलाईट मंद आणि हॉर्न घसा बसल्यासारखा, तर इंजिनपासून चॅसीला येणारी अर्थिंगची पट्टी (करंट परत जायची वाट) सडलेली. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनला लावून सेल्फ मारायचा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. माझ्यात १.८ दाखवलं. २०० रुपयाचं मीटर आहे, घेऊन ठेवा.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरला सोडणारा व्हॉल्व) कुणीतरी काढून फेकलेला, ही आपल्याकडच्या फिटर लोकांची जुनी खोड, गाडी तापली की थर्मोस्टॅट काढा. खरं तर रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि भुसा बसलेला होता. मागून हलक्या प्रेशरने धुतला, ८२ डिग्रीला उघडणारा नवीन थर्मोस्टॅट टाकला, आता माळशेज चढताना काटा मधेच असतो आणि ॲव्हरेज ११ वरून साडेतेरा.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. मागच्या ॲक्सलवर लोडप्रमाणं ब्रेकचं प्रेशर कमीजास्त करणारा एक व्हॉल्व असतो, त्याचा दांडा माझ्या गाडीत गायबच होता. रिकामी गाडी पावसात ब्रेक मारला की मागून फिरायची, मला वाटायचं टायर गुळगुळीत झालेत. बनकर फाट्याला एकदा आडवीच झाली, समोरून एसटी येत होती. दुसऱ्या दिवशी दांडा बसवून सेटिंग करून घेतलं, मगच परत चावी लावली.

एकूण १ लाख १० हजार घातले, त्यात क्लच सेट, पाट्यांचे बुश, हौद्याला नवीन पत्रा आणि फाळक्याचं (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूचं) वेल्डिंग आलं. ११ हजार किमी झाले, ६० क्रेट घेऊन तक्रार न करता जाते. रंग अजून दिलेला नाही आणि देणारही नाही, चार दिवसात क्रेट घासून निघतोच.

सध्या तिसरा गिअर टाकताना कर्र वाजतो, सिंक्रो रिंग (गिअर आवाज न करता बसवणारी) गेलीय. गिअरबॉक्स सीझन संपल्यावर उतरवणार, तोपर्यंत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना न्यूट्रलला क्षणभर थांबून टाकायचा. मला जमतं, भावाला अजून जमत नाही, तो आला की आवाजावरूनच आईला कळतं गाडी कोण चालवतंय.