आधी बामाको की आधी मेम्फिस?

अमेरिकन जॅझ गायिका डी डी ब्रिजवॉटर यांनी मूळ गावी परतण्याचे अल्बम दोनदा केले आणि दोन्ही वेळा गाव वेगळे होते. २००७ चा 'रेड अर्थ' त्यांनी पूर्वजांचा माग काढत मालीची राजधानी बामाको येथे ध्वनिमुद्रित केला, तर २०१७ चा 'मेम्फिस... येस, आय अ‍ॅम रेडी' त्यांच्या जन्मगावी, रॉयल स्टुडिओत साकारला. दोहोंपैकी एकच घ्यायचा असेल तर कोणता, हा प्रश्न मलाही पडला होता.

मी मेम्फिसपासून सुरुवात केली, कारण त्यामागची हकिगत मला फार भावली होती. त्यांचे वडील मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर निवेदक होते. पुढे कुटुंब मिशिगनमधील फ्लिंटला गेल्यावर किशोरवयीन डी डी रात्री उशिरा तेच केंद्र लावून बसत असत. त्या रात्रींची सोल आणि ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातली, गाणी सदुसष्टाव्या वर्षी, भरदार झालेल्या आवाजात त्यांनी गायली आहेत. बँड कसलेला आहे, ऑर्गन आणि ब्रास यांचा मेळ सुखावणारा आहे, आणि स्वयंपाकघरात काम करताना हा अल्बम मी आजही लावतो.

मात्र एक गोष्ट मला शेवटपर्यंत सलत राहिली. 'आय कान्ट स्टँड द रेन' सुरू झाले की माझ्या कानात मूळ गायिका अ‍ॅन पीबल्स गाऊ लागतात, आणि त्यांनी ते १९७३ मध्ये याच स्टुडिओत गायले होते. 'द थ्रिल इज गॉन' लागले की ब्लूज गायक बी. बी. किंग समोर येतात, तेही एकेकाळी त्याच रेडिओ केंद्रावरचे निवेदक. चालींना फारसा धक्का न लावण्यामागे आदर आहे, हे मला कळते. पण जॅझ गायिकेकडून गाणे उलगडून पाहण्याची जी अपेक्षा असते, ती इथे थोडी अपुरी राहते. हा कदाचित माझ्याच कानाचा दोष असेल, परंतु दर वेळी तसेच घडते.

'रेड अर्थ' ऐकताना तुलना होते ती त्यांच्या स्वतःशीच. १९७४ च्या पहिल्या अल्बमला ज्या गाण्याचे नाव होते, ते 'आफ्रो ब्लू' इथे आरंभीच पुन्हा येते, आणि तेहतीस वर्षांत गळ्याला काय काय मिळाले ते तिथल्या तिथे ऐकू येते. मालीचे संगीतकार चेक तिजान सेक यांच्या साथीने उभ्या केलेल्या या अल्बममध्ये बासेकू कुयाते यांचे न्गोनी आहे. कातडे मढवलेल्या त्या छोट्या तंतुवाद्याचा नाद कोरडा आणि ठसठशीत असल्यामुळे आवाजाला भोवती भरपूर मोकळी जागा मिळते. सक्तीच्या विवाहांविरुद्धच्या 'बांबो' या गाण्यावरूनच जिला नाव मिळाले, ती मालीची गायिका टाटा बांबो कुयाते इथे तेच गाणे घेऊन येते, तेव्हा डी डी तिच्यावर मात करू पाहत नाहीत. त्या तिचे ऐकतात आणि मग उत्तर देतात.

उणीव इथेही आहे. मालीतल्या बांबारा भाषेच्या ओळींमध्ये मिसळलेले इंग्रजी कडवे कधी कधी अर्थ समजावून सांगितल्यासारखे वाटते, आणि पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकणे जड जाते. सोल संगीतावर ज्यांचे मनापासून प्रेम आहे, त्यांना मेम्फिसच अधिक जवळचा वाटू शकेल. एकच घेणार असाल, तर मी तरी बामाकोचा सुचवीन. पहिल्यांदा मात्र 'आफ्रो ब्लू' आणि 'नो मोअर (बांबो)' एवढीच दोन गाणी रात्री, हेडफोन लावून ऐकावीत.