आयफोन १५, एस २४ की पिक्सेल ८? बाबांच्या लग्नाची कॅसेट लावून बघितली

बाबा रिटायर झाले तेव्हाच दादाने आणि मी ठरवलेलं की दोघांनी पैसे घालून त्यांना एक चांगला फोन घ्यायचा. त्यांची अट एकच, "व्हिडिओ नीट दिसला पाहिजे, बाकी मला काही नको." दिवाळीला सगळे सांगलीत जमलो तर योगायोगाने घरात तीन फोन हजर होते, दादाचा आयफोन १५, वहिनीचा पिक्सेल ८ आणि माझा गॅलक्सी एस २४. तिघांची लाँचची किंमतही जवळपास सारखी, आयफोन ७९,९००, एस २४ ७९,९९९ आणि पिक्सेल ७५,९९९. आता तिन्ही स्वस्त मिळतात पण एकमेकांच्या तुलनेत तोलामोलाचेच आहेत. म्हटलं रिव्ह्यू वाचत बसण्यापेक्षा चार दिवस आपणच लावून बघू, आणि बाबा खरंच जे बघतात तेच लावू.

बाबा बघतात काय तर यूट्यूबवर कीर्तनं, जुनी नाटकं, क्रिकेटच्या हायलाइट्स, आणि आता त्यात भर म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट. १९९२ चं लग्न, व्हीएचएसवर काढलेलं, मध्ये एका स्टुडिओत देऊन त्याची डीव्हीडी करून आणलेली. आजी २००३ मध्ये गेली आणि तिचा आवाज आमच्याकडे फक्त या कॅसेटमध्ये आहे. तोही सगळीकडे नाही, कारण त्या काळच्या पद्धतीने मिक्सिंग करताना सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी टाकलीयत, फक्त पंगतीच्या शेवटी एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या जागेत आजी काहीतरी बोलते. त्यामुळे माझ्यासाठी ही टेस्ट सगळ्यात महत्त्वाची होती.

आधी साध्या गोष्टीवर येते, स्क्रीन. दुकानात सगळे इंच विचारतात पण तो आकडा व्हिडिओसाठी फार फसवा आहे, कारण फोन आता लांबुळके झालेत आणि आपला व्हिडिओ तसा नसतो. आयफोन १५ आणि एस २४ हे १९.५ बाय ९ च्या प्रमाणात आहेत, पिक्सेल ८ हा २० बाय ९. यूट्यूबचा नेहमीचा व्हिडिओ १६ बाय ९, म्हणजे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणार. मी कागद घेऊन हिशोब केला: एस २४ च्या ६.२ इंचातलं चित्र येतं साधारण ५.३ इंचाचं, आणि पिक्सेलचा स्क्रीनही ६.२ इंचच आहे पण जास्त लांब असल्यामुळे त्यावर चित्र येतं ५.२ चं, म्हणजे ६.१ इंचाच्या आयफोनवर जेवढं दिसतं तेवढंच. जुनं ४ बाय ३ चं चित्र असेल, म्हणजे कॅसेटवालं किंवा दूरदर्शनच्या काळातलं, तर तिन्हीवर सव्वाचार ते ४.३ इंच, बस्स. उलट सिनेमास्कोपचा, म्हणजे जास्त रुंद चित्राचा सिनेमा लावला की लांब फोनचा फायदा होतो. झूम करून पट्ट्या घालवता येतात पण मग माणसांची डोकी कापली जातात, बाबांना ते अजिबात चालत नाही. तिन्ही स्क्रीन ओएलईडी असल्यामुळे काळं म्हणजे खरंच काळं दिसतं, रात्री दिवा बंद करून बघितलं तर पट्ट्या जाणवतच नाहीत.

उजेडाचं मात्र महत्त्वाचं. बाबा दुपारी जेवण झालं की मागच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि तिथे ऊन थेट येतं. कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे एस २४ उन्हात २६०० निट्सपर्यंत (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) जातो, आयफोन १५ आणि पिक्सेल ८ दोन्ही २००० पर्यंत. तिन्ही फोन शेजारी शेजारी धरले, तिन्हीवर चेहरे ओळखता येत होते आणि एस २४ वर सगळ्यात सहज. ही गोष्ट मी बाबांच्या चष्म्याच्या बाजूने बघते, माझ्या डोळ्यांनी नाही.

आता एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतले बारकावे जास्त दाखवणारा व्हिडिओ. ज्यांना ओटीटीवर नवीन सिनेमे बघायचेत त्यांच्यासाठी फरक एवढा की त्यातला डॉल्बी व्हिजन हा प्रकार या तिघांत फक्त आयफोनमध्ये आहे, सॅमसंग तो देतच नाही, त्यांचं स्वतःचं एचडीआर१० प्लस आहे. दादा यावर तासभर बोलू शकतो आणि त्याच्या फोनवर रात्री लावलेला सीन खरंच सुंदर दिसला, दिव्याच्या ज्योतीतला पिवळा आणि पांढरा वेगवेगळा कळत होता. पण कीर्तनाच्या यूट्यूब व्हिडिओत यातलं काही नसतं.

रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवते ते, आयफोन १५ चा ६० हर्ट्झ, बाकी दोघांचा १२० पर्यंत. स्क्रोल करताना फरक लगेच कळतो पण व्हिडिओत तेवढा नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, १२० ला २४ ने बरोबर भाग जातो आणि ६० ला जात नाही, त्यामुळे कॅमेरा हळू आडवा सरकतो तेव्हा ६० वर किंचित अडखळल्यासारखं वाटू शकतं, अर्थात अ‍ॅप स्क्रीनला कुठल्या स्पीडवर ठेवतं यावरही ते आहे. कॅसेट भारतातली म्हणजे पॅल या आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची, २५ फ्रेमची, तिला ना ६० जमत ना १२०, त्यामुळे तिथे कोणी पुढे नाही.

एक गोष्ट जी कोणी सांगत नाही ती डीकोडरची, म्हणजे दाबून पाठवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाची. यूट्यूब हल्ली एव्ही१ नावाच्या फॉरमॅटमध्येही व्हिडिओ देतं, त्यात तेवढ्याच क्वालिटीला डेटा कमी लागतो. आपल्याकडच्या एस २४ मधला एक्झिनॉस २४०० आणि पिक्सेलचा टेन्सर जी३ हे दोन्ही ते चिपमध्येच उलगडतात, आयफोन १५ मधल्या ए१६ चिपमध्ये ती सोय नाही, अ‍ॅपलने ती पहिल्यांदा १५ प्रोमध्ये दिली. म्हणून आयफोन १५ वर यूट्यूब अडतं असं बिलकुल नाही, यूट्यूबचा आधीचा व्हीपी९ फॉरमॅट व्यवस्थित चालतो, पण चार-पाच वर्षं फोन वापरायचा असेल तर मला हा मुद्दा पटतो. आणि कोणी सेकंडहँड अँड्रॉइड घेत असेल तर वाइडवाइन (ओटीटीचा व्हिडिओ चोरीला जाऊ नये म्हणून असलेली यंत्रणा) एल१ या वरच्या पातळीचं आहे का ते आवर्जून बघा, त्यासाठी फुकट अ‍ॅप मिळतात, कारण फोनवर आधीच्या मालकाने काही खटपटी केलेल्या असतील आणि तो एल३ या खालच्या पातळीवर घसरला असेल तर स्क्रीन कितीही भारी असू दे, ओटीटीवाले चित्र कमी क्वालिटीचंच देतात.

बरं, आता कॅसेट. डीव्हीडी ठीक होती पण ती घालायला लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, मग शेजारच्यांकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला आणि आतल्या व्हीओबी फाइल (डीव्हीडीवर व्हिडिओ याच प्रकारच्या फाइलमध्ये असतो) पेनड्राइव्हवर घेतल्या. इथे एक बरं असतं की डीव्हीडीवर व्हिडिओ एकेक जीबीच्या तुकड्यांत असतो, नाहीतर एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची एक फाइल मावतच नाही. टाइप-सीवाला पेनड्राइव्ह तिन्ही फोनला थेट लागला, आयफोनलासुद्धा. १५ पासून त्यालाही टाइप-सी आलंय आणि फाइल्स अ‍ॅपमध्ये पेनड्राइव्ह दिसतो, हे बघून दादालाच नवल वाटलं, त्याने कधी लावलाच नव्हता.

फॉरमॅटच्या बाबतीत तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. आयफोनचा स्वतःचा प्लेअर एमपी४ आणि एमओव्हीसारख्या ठरावीक फाइलच घेतो, एमकेव्ही नाही, व्हीओबी तर नाहीच. सॅमसंगचा प्लेअर एमकेव्ही, एव्हीआय, एफएलव्ही सगळं घेतो, बाजूला एसआरटी सबटायटल ठेवलं तर तेही दाखवतो, आणि जुन्या हार्डडिस्कवर सिनेमे साठवलेल्या माणसाला याचं मोल कळेल. पण डीव्हीडीच्या एमपेग-२ फॉरमॅटसाठी शेवटी तिन्ही फोनवर व्हीएलसी हे प्लेअर अ‍ॅपच टाकलं. फुकट आहे, जाहिरात नाही, दोन मिनिटांत होतं.

आणि कॅसेट चालू झाली तर सगळी माणसं रुंद! आई, बाबा, भटजी, सगळे आडवे ताणलेले. स्टुडिओने ४ बाय ३ चं चित्र १६ बाय ९ करून ठेवलंय, आणि इतकी वर्षं आम्ही टीव्हीवर ते तसंच बघत आलो, कॅमेराच तसा असेल असं समजून. मला त्याचा खरंच राग आला, कारण पैसे पूर्ण घेतले आणि घरातल्या माणसांचे चेहरे बिघडवून दिले. व्हीएलसीत आस्पेक्ट रेशो ४:३ केला आणि एका क्षणात आजी आजीसारखी दिसायला लागली, तिचा तो उभट चेहरा, नाकातली नथ. बाबा एकदम गप्प झाले. ही एक सेटिंग तिन्ही फोनवर सारखीच मिळते आणि ज्यांच्याकडे अशा डीव्हीडी आहेत त्यांनी आज संध्याकाळी ती बघावी.

रंगांचं बोलायचं तर माझ्या फोनवर स्क्रीन मोड व्हिव्हिड होता, त्यात आईच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर सांडल्यासारखा दिसत होता. दोष व्हीएचएसचा, त्यात रंगाची माहितीच फार कमी असते आणि लाल सगळ्यात जास्त पसरतो, पण व्हिव्हिडने तो वाढतो. नॅचरल केल्यावर शांत झाला. आयफोनवर काही न करताच रंग बरे होते, पिक्सेलवरही नॅचरल ठेवला की छान. व्हीएचएसमध्ये मुळात आडव्या दिशेला २४० रेषांएवढाच तपशील असतो, त्यामुळे कुठला फोन चित्र जास्त स्पष्ट दाखवेल ही अपेक्षाच सोडून द्यायची.

खरी अडचण आवाजाची. व्हीएचएसचा मोनो आवाज डीव्हीडीत फक्त डाव्या बाजूला आलाय, इअरफोन लावला तर उजव्या कानात काहीच नाही. फोन आडवा धरला की आवाज एकाच टोकाच्या स्पीकरमधून येतो आणि तिन्ही फोनमध्ये खालचा स्पीकर मोठा, वरचा कानापाशी धरायचा लहान, त्यामुळे आवाज भरून येत नाही. उपाय सेटिंगमध्येच आहे, अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ, तिन्ही फोनमध्ये थोड्या वेगळ्या जागी, तो चालू केला की दोन्ही कानांत सारखं येतं. बाबांना उजव्या कानाने जास्त ऐकू येतं, म्हणजे हे केलं नसतं तर त्यांच्या चांगल्या कानापर्यंत आजीचा आवाज पोचलाच नसता. अँड्रॉइडच्या व्हीएलसीत आवाज १०० च्या वर २०० टक्क्यांपर्यंतही नेता येतो, फरफर वाढते पण शब्द कळतात.

हात हलले की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात, ते इंटरलेसिंगमुळे, म्हणजे एकाआड एक रेषांनी चित्र दाखवायच्या जुन्या पद्धतीमुळे, म्हणून शेवटी मी रात्री बसून लॅपटॉपवर हँडब्रेक या व्हिडिओचा फॉरमॅट बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं एमपी४ करून टाकलं, डीइंटरलेस चालू, प्रमाण ४ बाय ३, आवाज फक्त डावा घेऊन मोनो. साधारण दीड जीबीची फाइल झाली. ती तिन्ही फोनच्या स्वतःच्या प्लेअरमध्येही उघडली, आणि २ जीबीच्या आत असल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून आत्याला पाठवता आली. व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दाबून टाकतं. मूळ व्हीओबी मात्र जपून ठेवा, पुसू नका.

टीव्हीला जोडायचं असेल तर टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर तिन्हीला चालतो. पिक्सेल ८ मध्ये ती सोय २०२४ च्या जूनच्या अपडेटने आली, तोवर नव्हती, तर फोन अपडेट करून घ्या. केबलने लॅपटॉपवरून फाइल टाकायची असेल तर आयफोन १५ यूएसबी २ च्या वेगाचा आहे, बाकी दोघे यूएसबी ३, मोठ्या फाइलला फरक पडतो. मेमरी कार्ड आणि इअरफोनची गोल पिन तिघांतही नाही. बॅटरी तिघांनीही आमच्या घरच्या वापरात दिवस काढला, त्यावर मी जास्त काही म्हणणार नाही.

आम्ही एस २४ घेतला. कारणं आमची म्हणजे ऊन, २५६ जीबी त्याच किमतीत, आणि हार्डडिस्कवरच्या जुन्या फाइल काही न टाकता चालतात. फक्त ओटीटी बघणाऱ्याला मी आयफोनच सांगेन. पिक्सेल वाईट अजिबात नाही, वहिनीला आवडतोच, पण बाबा जे बघतात त्यात तो कुठेच पुढे आला नाही. आणि दुकानात जाताना स्वतःचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन जा, डेमोमधला चकचकीत धबधबा सगळ्याच फोनवर छान दिसतो.

भाऊबीजेच्या दिवशी नवीन फोनवर पहिला व्हिडिओ तोच लावला, पंगत. गाणं संपलं, मधली ती आठ-दहा सेकंदं आली आणि आजी वाढपिणीला म्हणते, "अगं वाढ की तिला अजून, लाजतीया ती!" आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, "काय म्हणाल्या त्या? परत लाव." बाबांनी स्वतः बोटाने मागे ओढलं आणि परत लावलं. आई खुर्चीच्या काठावर बसली आणि म्हणाली, "वाजंत्र्यांच्या आवाजात मला तेव्हा हे ऐकूच आलं नव्हतं."