तगडा पीसी, सात महिन्यांनंतर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा जुना पीसी बदलायचं ठरवलं. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. इथवर शहाणपणा होता. मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला पोचल्यावर मात्र 'घेतोयच तर दणदणीत घे' हे भूत मानगुटीवर बसलं. ठाणे लोकलमध्ये मांडीवर खोकं धरून परतलो : रायझन ७ ७७०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड.

माझं काम काय, तर घोडबंदर रोडच्या घरात बसून लोकांचे जमाखर्च. टॅली, एक्सेल, दहाबारा टॅब.

एक्सेलचा एक जुनाट मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप उरकणारा छोटा प्रोग्राम) चार मिनिटं घ्यायचा, तो दोनवर आला. एवढ्या पैशांत एवढंच? टास्क मॅनेजर उघडला, तर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, जेमतेम ६ टक्के वापरात. आठ कोअर, १६ थ्रेड (एका वेळी १६ कामं हाकणारे हात म्हणा), आणि मॅक्रो धावतो एकाच थ्रेडवर. एक जण घाम गाळतोय, पंधरा जण कट्ट्यावर. ग्राफिक्स कार्डाचे पंखे तर फिरेचनात. बिघडलं समजून दुकानदाराला फोन केला. काम नसलं की ते बंदच राहतात, म्हणे!

दरम्यान जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी बसवली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं आणि ते बाबांना दिलं. ई-पेपर, यूट्यूब, मेल यांत दोन्ही मशीनमधला फरक मला तरी जाणवत नाही. रडगाणं हार्ड डिस्कचं होतं, शिव्या खाल्ल्या बिचाऱ्या आय-५ ने.

मार्चमध्ये कळव्याहून भाची आली. ती इंटिरियरचे सीन ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करते. तिच्या लॅपटॉपच्या ४ जीबी ग्राफिक्स मेमरीत सीन मावायचा नाही, मग प्रोसेसरवर रात्रभर रेंडर, म्हणजे सीनचं पक्कं चित्र बनवणं. सकाळी गिऱ्हाईक म्हणणार, सोफा जरा फिका करा. की पुन्हा रात्र! माझ्या कार्डाच्या १२ जीबीत सीन मावला आणि चहा गाळेपर्यंत चित्र तयार.

"मामा, यावर तू टॅली चालवतोस?"

मग दर शनिवारी ती हजर. मे महिन्यात दहा बाय दहाच्या खोलीत, एकटं कार्डच २०० वॅटपर्यंत खातं, त्यात मी बनियनवर.

शेवटी तिने साधा डेस्कटॉप जोडून घेतला आणि कार्ड मी तिला दिलं, पैसे हप्त्याने. माझ्या ७७०० प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली. टॅलीला पत्ताही लागला नाही.